सूर्याने झाकलेला तारा

डाळमिलमधून तुरीचा वास आला की जळगावची ती दुपार आठवते. मिलमधल्या एका कामगाराच्या संशोधक मुलीला विझत चाललेला तारा टिपण्यासाठी अवकाश दुर्बिणीचे दोन तास मिळाले होते. बातमीसाठी मी त्यांच्या घरी होतो. संगणकावर छायाचित्र उघडले, तर ते पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च भरलेले. “इतला तारा!” वडील हरखले. मुलगी ताडकन उठली. “आबा, यामा एकबी तारा नही. सूर्यावर स्फोट व्हयना, त्याना कण कॅमेरावर आदळनात.” मग बचावासाठी दुर्बिणीने आपोआप कॅमेरा बंद करून घेतला होता आणि ते दोन तास वाया गेले होते. पुढची पाळी वर्षाने येणार होती आणि तोवर तारा विझणार होता. वडिलांनी खिडकीतून वर सूर्याकडे पाहिले. “याले रोज सकायले पानी देस ना मी!” आज हे सांगितले की लोक हसतात, पण त्या दुपारी त्या खोलीत कुणीही हसले नाही.