गादीवरची खूबकला

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि स्वभावानं संशयी आहे. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघते. त्याला राग येतो, येऊ दे.

लेकीला गोवर निघाला तेव्हा डॉक्टरांचं औषध चालूच होतं. तरी सासूबाई आमच्या गावच्या लालबागेतल्या म्हाताऱ्या पंसाऱ्याकडून, म्हणजे जडीबुटीवाल्याकडून, खूबकलेची पुडी घेऊन आल्या. मोहरीच्या कुळातल्या रानटी झाडाचं हे बारीक बी. आमच्याकडे गोवराच्या पोराच्या गादीवर ते पसरतात, ताप ओढून घेतं म्हणून. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण पसरायचीच तर खरी तरी असावी! हे दाणे पिवळट, मळकट होते. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी शाहपूरच्या बाजारातून दुसरी पुडी आणली, छान लालसर दाण्यांची. सासूबाई आंघोळीला गेल्या तेवढ्यात गादी झटकून माझे दाणे पसरले.

त्यानंतर सासूबाई लेकीच्या खोलीत फिरकेनाशा झाल्या. संसर्गाला घाबरल्या, असं मी मनात धरलं. लेक बरी झाली, तरी ते मनातून गेलं नाही. पंसारी भेसळ करतो, हे तर मी गल्लीभर सांगितलं.

पुरावा हवा म्हणून दिवाळीनंतर दोन्ही पुड्यांतलं उरलेलं बी दोन कुंड्यांत पेरलं. फुलं दोन्हीकडे सारखीच, कणभर, पिवळी, चार पाकळ्यांची. पण पंसाऱ्याच्या झाडाची पानं मुळ्यासारखी कातरलेली, शेंगा दोऱ्यासारख्या लांब, फुलांच्याही वर गेलेल्या. माझ्या झाडाची पानं शेपूसारखी, राखट लव असलेली, शेंगा आखूड. पुस्तक उघडलं. खरी खूबकला पंसाऱ्याचीच होती. मी आणलेली तिची चुलत बहीण, तिच्याच नावावर खपणारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई कुंड्या बघायला आल्या तेव्हा मी सांगून टाकलं, "आई, तेव्हा गादीवरचे दाणे मी बदलले होते."

"मालूम आहे मले. पिवळे टाकून न्हायला गेली, आली तं लाल."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? मले वाटलं, तुले माझाच भरोसा नाही. म्हनून आत येनं बंद केलं." त्यांनी शेपूसारखं पान चुरगळून हुंगलं. "पोरगी झोपली का दाराबाहेर बसून तिचा श्वास ऐकत जाय मी."