कौसामावशीचा दुसरा फोन

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भोळसट समजणार नाही. चौसाळ्यात हायवेला लागून माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तारेत करंट असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं — हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... या सगळ्याची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. बायको म्हणते, एक दिवस तोंडावर पडाल.

या उन्हाळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता आणि जुन्या टेलिफोनची तार नेमकी सेंट्रिंगच्या आड येत होती. फोन बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, डबडं भंगारात गेलं, तार मात्र तशीच. तिचं दुसरं टोक खांबावरून केव्हाच तुटून लिंबाच्या फांदीत अडकलेलं — मी स्वतः चढून पाहिलं. म्हणजे पक्कड घ्यायची आणि तोडायची, एवढंच काम. अडचण तारेची नव्हती, शेजारच्या कौसामावशीची होती.

एके काळी आख्ख्या गल्लीत फोन आमच्याकडेच. ऊसतोडीला गेलेल्या लोकांची रीत ठरलेली — बूथवरून पहिला फोन फक्त ‘आमच्या माणसाला बोलवा’ एवढ्यासाठी. मग आमची आई गच्चीवरून हाक मारायची, ते माणूस हातातलं टाकून पळत यायचं, आणि थोड्या वेळानं दुसरा फोन यायचा, बोलण्यासाठीचा. मावशीचा एकुलता एक सुदाम मुकादमाशी भांडून टोळी सोडून गेला, त्यानंतर त्याचा पहिला फोन आला. मावशी पिठाच्या हातानं धावत आली, बसली... दुसरा आलाच नाही. सुदामही नाही. तेव्हापासून रोज ती आमच्या ओट्यावर येऊन टेकायची. फोन गेला तरी टेकायची. तार हाय तवर आशा हाय, म्हणायची.

त्या सकाळी मी शिडी लावली आणि ती पुढ्यात उभी.

“बाळू, तोडू नगंस रं.”

“मावशी, मेलेली तार आहे ती. तिकडं झाडात लोंबतेय. झाडावरून फोन करणार का सुदाम?”

बोलून गेलो खरा, पण तिचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. ती मग म्हणाली, “बरं, तोड. पर एकडाव माझ्या हातात दे.”

भिंतीवरचं टोक सोडवून मी तिच्या हातात दिलं. तिनं ते कानाला लावलं. मला हसू आवरेना.

“हां... बोल बाबा.” जरा थांबली. “हाय, हाय मी... आसं व्हय...” मग बराच वेळ नुसती मान हलवत राहिली. “एकलीच? न्हाई न्हाई, मी थांबते की ष्टँडवर. शनवारी... हां.”

तार माझ्याही मुठीत होती. ना थरथर, ना आवाज. काही म्हणजे काही नाही!

“तोड आता,” ती म्हणाली. “झालं बोलून.” आणि घरी निघून गेली.

मी तार तोडली, गुंडाळी केली आणि बायकोला सांगितलं, मावशीचं डोकं फिरलं. शनिवारी ती खरंच धुतलेलं लुगडं नेसून सकाळपासून स्टँडवर जाऊन बसली. उन्हानं चक्कर येऊन पडेल म्हणून मी दुकान सोडून मागोमाग गेलो. दुपारी सोलापूरकडून एसटी आली. एक तरणी पोरगी पिशवी घेऊन उतरली आणि चहावाल्याला विचारू लागली, “कौसाबाई कुठं राहतात?” कपाळ थेट सुदामचं.

मावशी उठली, तिचा हात धरला. पोरीला रडू फुटलं. “आजी, पप्पा दिवाळीतच गेले...”

“ठावं हाय, बाई,” मावशी म्हणाली. “फोन आला त्याच दिशी सुतकाचं पानी डोईवरून घेतलं म्या.”

दिवाळीत गेलेल्या माणसानं आत्ता फोन केला? दिवाळी कुठं, उन्हाळा कुठं!

मग मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासलं. मावशीकडे मोबाईल नाही. पोरीनं कुणाला कळवलेलं नाही. आजी जिवंत आहे का हेही तिला माहीत नव्हतं. निघायचं ठरलं तेच आदल्या दिवशी, म्हणजे तार तोडून झाल्यावर. मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि ‘योगायोग’ म्हणणाऱ्यांनी आधी तो स्टँड आणि तो शनिवार समजावून सांगावा.

परवा न राहवून मावशीलाच विचारलं. ती नातीच्या डोक्याला तेल लावत होती.

“मावशी, तार तर माझ्याही हातात होती. मला का नाही काही ऐकू आलं?”

“तुला कावून यील रं, येड्या?” तिनं मान वर न करता विचारलं. “फोन माझा व्हता.”