चालू झाला तर?

वहिनी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावत. मग पायातल्या रबरी सपाता बघत, खुर्ची जरा मागे घेत आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटून बटण दाबत. यंत्र घरघरलं की अर्धं पाऊल मागे सरत. ओव्हनची पिन लावायची तर लाकडी पाटावर उभं राहिल्याशिवाय नाही. गॅसचा रेग्युलेटर बंद केला की पुन्हा एकदा बघायचा, आणि कुलूप लावल्यावर ते उघडून आत येऊन आणखी एकदा. त्यांच्याएवढं भिणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि ज्याची भीती वाटते तेच काम रोज उठून करणारंही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शाहूवाडीकडची, बँकेत लागून फार दिवस झाले नव्हते, एकटीच होते. खोली बघायला गेले तर त्यांनी भाड्याचं काही काढलंच नाही. एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही रात्रीच्या घरात असता न्हवं? का सारखं गावाकडं जातासा?"

मी म्हटलं, घरातच असते.

"मग ऱ्हावा की. खाली मी एकटीच असतो. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की जीवाला बरं वाटतंय."

त्यांचं माहेर हातकणंगल्याचं, त्यामुळे बाई असूनही 'मी येतो, मी जातो' असंच बोलणं. मूलबाळ नव्हतं. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनच्या खोलीत फिटर होता. वहिनींचा नवरा म्हणून मी त्यांना दादा म्हणायची. वर्षातले बरेचसे महिने दादा समुद्रावर असत. पंचगंगेच्या घाटावर शेवटच्या पायरीपर्यंत कधी न उतरलेल्या बाईच्या वाट्याला समुद्र आला होता. जगाच्या नकाशातला निळा रंगसुद्धा त्यांना आवडत नसे.

कॉम्प्युटर आणला तो दादांनीच. रजेवर आले असताना सुटे भाग जोडून तयार केलेला एक त्यांनी घेतला, स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलावर मांडला आणि वहिनींना मेल कसा बघायचा ते शिकवलं. फोन महाग, पत्राला महिने लागत. जहाज बंदराला लागलं की तिथून मेल पाठवणं सोपं. दादा उंच, मोकळं हसणारे, कशालाच न घाबरणारे. बायकोची थट्टा करत, "ही बटण दाबायच्या आधी यंत्राची माफी मागती." वहिनींनी मात्र एक अट घातली. "मेलात पयली ओळ 'मी बरा आहे' हीच लिवायची. मग बाकीचं रामायण. मला खालपतूर वाचायचा धीर निघत न्हाय." दादांनी ती अट कायम पाळली. रोमन अक्षरांत मराठी लिहीत, पण पहिली ओळ तीच.

दादा जहाजावर गेल्यावर वहिनी दोन कामं करत. केक, नानकटाई, बिस्किटांच्या ऑर्डरी घेत आणि कॉम्प्युटर सांभाळत. दोन्ही एकाच तऱ्हेने, भीत भीत. त्यामुळे त्यांच्या हातून कधी काही बिघडत नसे. मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र तीनदा चाळायची, कारण पावडरीचा गोळा एका जागी राहिला तर केक तिथेच बसेल. अंडी आणि लोणी तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवायचं, कारण गारठ्याने मिश्रण फाटेल. घरभर वास सुटल्याशिवाय ओव्हनचं झाकण उचलायचं नाही. "मधीच बघितलं की बसतंय ते. माणसाचंबी तसंच असतंय, सारखं कोण बघाय लागलं की दबतंय." मला ओव्हन नव्हता, म्हणून त्यांनी कुकरमध्ये वाळू घालून केक करायला शिकवलं. शिट्टी आणि झाकणातली रबरी रिंग काढायची, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी चिडले. त्या चिडल्या नाहीत. काढलेली रिंग त्यांनी बांगडीसारखी आपल्या मनगटात चढवली. "केक हुईपतूर हातातनं काढायची न्हाय. हातात दिसली म्हंजे झाकणात न्हाय. हाय का न्हाय सोपं?" मी अजून तसंच करते.

पिठाच्या आणि साखरेच्या त्या घरात कीबोर्डमध्ये मुंग्या झाल्या नसत्या तरच नवल. एके दिवशी 'a'च्या जागी काहीच उमटेना. वहिनींनी पिन काढली, गजाला हात लावला, कीबोर्ड उलटा करून स्क्रू काढले आणि मुंग्यांचं वारूळच वर्तमानपत्रावर झटकलं. बटणं साबणाच्या पाण्यात धुतली, सुपात घालून वाळवली, परत बसवली. तेव्हापासून गल्लीत कुणाचं यंत्र अडलं की वहिनींना बोलावणं येऊ लागलं. माऊस अडकतो म्हणून त्या त्याच्या पोटातली गोळी काढून आतल्या चाकांवरचा मळ खरवडून देत. पडदा गोठला की लोक पटापट बटणं दाबत, तेव्हा त्या हात धरत. "थांबा जरा. त्यो भ्यालाय. तुम्ही ओरडलासा की आनखी भेतोय." मग खरंच थोडं थांबलं की बऱ्याचदा यंत्र पुन्हा चालू लागे. आणि सुरूच होत नसेल, नुसतं पीं पीं वाजत असेल, तर डबा उघडून आतली रॅमची पट्टी काढत, तिची सोनेरी कड पोरांच्या खोडरबराने हलके घासत आणि टक आवाज येईपर्यंत दाबून बसवत. हे त्यांना दुरुस्तीवाल्याने एकदा दाखवलं होतं. दरवेळी आधी गजाला हात. दरवेळी यंत्र चालू व्हायचं.

एका पावसाळ्यात दादांचा मेल येईनासा झाला.

आधी आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. बंदर लागलं नसेल. मग टीव्हीवर वादळात सापडलेल्या एका मालवाहू जहाजाची बातमी दाखवली. नाव नीट कळलं नाही. वहिनींनी मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून 'माहिती आली की कळवू' एवढंच उत्तर आलं. दुसऱ्यांदा लावला तर कुणी उचललाच नाही. बाहेर झड लागलेली, पंचगंगेचं पाणी चढलेलं, घरात ओल. वहिनी सतत काहीतरी चाळत असत. भ्यायला झालं की त्यांचे हात आपोआप चाळणीकडे जात. मी कामावरून आले की जिन्याच्या पायथ्याशी थांबून आधी चाळणीचा आवाज ऐकायची. वहिनींनी काही विचारलं आणि धीर द्यावा लागला तर, या विचाराने मी एकदोनदा चपला हातात घेऊन वर गेले.

त्यातच कॉम्प्युटर बंद पडला. "पीं पीं करायलाय," वहिनी म्हणाल्या. "दुरुस्तीवाला येतो म्हणालाय." दोन दिवस गेले, तो आला नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. भाजी घेऊन येताना तो मला कोपऱ्यावर भेटला, म्हणून मी त्याला हटकलं. तो म्हणाला, "मला निरोपच न्हाय, मॅडम."

मी तशीच खाली वहिनींकडे गेले. दुपार होती, पण आभाळामुळे घरात दिवा लावलेला. शेजारच्यांच्या बारशासाठी बिस्किटं चालली होती. एक थाळा ओव्हनमध्ये, दुसऱ्यासाठी मैदा चाळणीत.

"वहिनी, दुरुस्तीवाल्याला निरोपच नाही म्हणे."

चाळणी थांबली नाही. "न्हाय दिला."

"मग तुम्ही स्वतः तरी उघडायचा. गल्लीतले सगळे तर तुम्हीच चालू करता."

"करतो की."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालू झाला तर?"

मला पटकन समजलं नाही. त्यांनी चाळणी खाली ठेवली आणि पदराला हात पुसत हळू बोलल्या, "ताई, त्यो बंद हाय तवर हे बरं हायत. चालू झाला, आणि आत काय येऊन पडलं असंल, तर मग ते आलंच की. मग त्याला परत घालवता येत न्हाय."

खरं सांगायचं तर वर निघून जावं असंच वाटत होतं. त्या पडद्यावर काय असेल ते वाचायला त्या मलाच सांगणार, हे मला दिसत होतं. तरीही मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मी बसते इथं."

वहिनी टेबलापाशी आल्या. मग गजाला हात लावला. डब्याचे स्क्रू काढताना एक हातातून निसटून टेबलाखाली गेला, तो मी शोधला. त्यांनी पट्टी काढली, खोडरबराने घासली, पदराने पुसली. बसवताना अंगठे पांढरे पडले होते. टक झालं. बटण दाबायला मात्र त्यांचा हात जाईना, म्हणून त्यांनी माझं बोट धरून त्यावर ठेवलं आणि वरून दाबलं.

एकच छोटा आवाज आला आणि पडदा उजळला. आजवर हे झालं की त्या हसत. आज त्यांनी डोळे मिटले. मोडेम फोनवर किरकिरत राहिला. एकदा जोडणी तुटली, पुन्हा लावली. मग मेल एकेक करून खाली उतरू लागले. दादांच्या पत्त्यावरून एकही नव्हता. सगळ्यात शेवटी एका अनोळखी नावाचा होता.

"तुम्ही वाचा," वहिनी म्हणाल्या. "आधी पयली ओळ."

मी उघडला. "पहिली ओळ 'मी बरा आहे' अशी आहे, वहिनी."

त्या खाली बसल्या, सरळ फरशीवर. मी पुढे वाचलं. दादा सांगत होते आणि सोबतचा माणूस टाइप करत होता. टीव्हीवर दाखवलेलं जहाज त्यांचं नव्हतंच. इंजिनच्या खोलीत उजव्या हाताला लागलं होतं, एका बंदरावरच्या दवाखान्यात होते, लवकरच घरी पाठवणार होते. घाबरू नको, असं शेवटी होतं.

मला सुटल्यासारखं झालं. वहिनींना नाही. "दुसऱ्याकडनं का लिवून घेतलं?" त्या म्हणाल्या. "हे डाव्या हाताच्या एका बोटानंबी लिवतील. बोलून लिवून घेतलं म्हंजे बसता येत नसंल. किंवा हात दिसला तर रडू येत असंल." भीतीने त्यांना अशी नजर दिली होती की मला जे मेलात दिसलं नाही ते त्यांना दिसलं.

आतून करपल्याचा वास आला. वहिनींचा थाळा त्या एकदाच करपलेला मी पाहिला. त्यांनी उठून ओव्हन बंद केला, पिन काढली, मग येऊन उत्तर लिहायला बसल्या. एकेक अक्षर शोधत पहिली ओळ लिहिली, 'मी बरी आहे'. तिच्यापुढे 'वाट बघतो' एवढंच लिहून मेल पाठवला.

दादा आले ते उजव्या हाताचा नुसता अंगठा घेऊन. बोटं यंत्रात गेली होती. हात कायम पँटच्या खिशात किंवा टॉवेलखाली. त्यांचं हसणं गेलं. लायटरची टिकटिक झाली तरी दचकत. गल्लीच्या बाहेर जायला नको म्हणत. लोक हाताकडे बघतात. घरात भिणारी माणसं आता दोन झाली, आणि त्यातलं एक नवं होतं.

दादांच्या भरपाईसाठी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात कुणीतरी जायला हवं होतं. वहिनी कोल्हापूरच्या पुढे एकट्या कधी गेल्या नव्हत्या. निघताना मला म्हणाल्या, "पाय लटलट कापायलेत. पण चालतंय तेवढ्यानं." जाऊन आल्या, पुन्हा गेल्या, काम होईपर्यंत जात राहिल्या. परत आल्या की दोन दिवस ताप येई.

दादांना त्यांनी 'भिऊ नका' असं कधी म्हटलं नाही. एकदा मी दारात असताना दादा गॅसजवळून मागे सरले आणि ओशाळून म्हणाले, "मी कुणाला भीत नव्हतो गं." वहिनींनी त्यांच्या डाव्या हातात चाळणी दिली. "आता भ्या की. मी कुठं नको म्हणतो? भीत भीत चाळा." दादांनी चाळलं. अर्धा मैदा फरशीवर गेला. दुसऱ्या दिवशी जरा कमी गेला. पुढच्या दिवाळीपर्यंत बिस्किटांचे डबे भरायचं काम त्यांचं झालं होतं, पण दारावर गिऱ्हाईक आलं की ते आतल्या खोलीत जात.

माझी बदली चंदगडच्या शाखेत झाली. निघण्याच्या सकाळी वहिनी एसटीच्या सीबीएस स्टँडवर येणार हे ठरलेलं होतं. दादाही येतील असं मला वाटलं नव्हतं, पण रिक्षातून दोघं उतरले. स्टँडवर ही गर्दी, कंडक्टरांच्या हाका, पावसाने चिखल. दादांनी डाव्या हाताने वहिनींचा दंड धरला होता, उजवा खिशात. कुणी धक्का दिला की दोघं एकदमच आक्रसत.

वहिनींनी खिडकीतून माझ्याकडे नानकटाईचा डबा दिला. "चंदगडला विजा लई पडत्यात. कडकडाट सुरू झाला की लाइटची पिन काढून भागत न्हाय, फोनची वायरबी काढायची. वीज फोनमधनंच शिरती." मी हो म्हटलं. "आणि आतनं कडी." मी पुन्हा हो म्हटलं. मग खिडकीतून हात घालून त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

गाडी सुरू झाली. मी हात हलवला. वहिनींनी हलवला. मग दादांनी दंड सोडला आणि खिशातला हात वर काढला, एवढ्या माणसांत. तो हात मी पहिल्यांदाच पाहिला. एकटा अंगठा, आणि बाकी काही नाही. त्यांनी तो डोक्याच्या वर धरून हलवला. एक पोरगं वळून बघत होतं, तरी हलवत राहिले. वहिनी माझ्याकडे बघायच्या थांबल्या होत्या. त्या दादांच्या हाताकडे बघत होत्या, आणि गाडी वळेपर्यंत तिकडेच बघत उभ्या होत्या.