चहा येईपर्यंत बोलायचं नाही

एखादा लेख ऐकताना डोळ्यांत पाणी आलं की बाई चिडायच्या. पदरानं डोळे पुसायच्या आणि वाचणाऱ्याला म्हणायच्या, "थांबा. परत वाचा. रडू कशानं आलं ते बघू द्या. रडू कांद्यानंही येतं."

बाई म्हणजे आमच्या मंडळीच्या मासिकाच्या संपादक. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, कसबा पेठेतून आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, चालत येणाऱ्या. आम्ही ख्रिस्ती लोक मासिकात लिहितो ती बहुतेक साक्ष असते. मी कसा बुडालो होतो आणि देवानं मला कसं वर काढलं, हे सांगायचं. पण सगळ्यांचं बुडणं सारखं, वर येणंही सारखं. बाईंना त्याचा संताप यायचा. "देव एवढा मोठा, आणि त्याची सगळी कामं एकाच साच्यातली?"

उपासना झाली की देवळामागच्या खोलीत लेखांची बैठक बसायची. नियम बाईंचा. लेख दुसऱ्यानं वाचायचा, लिहिणाऱ्यानं नाही. मग प्रत्येकानं मत द्यायचं, आणि चहा येईपर्यंत लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. चहा सांगणार बाई. एखादा फार चुळबुळ करायला लागला की त्या चहाच सांगायच्या नाहीत. "प्रभूची स्तुती असो, किती आशीर्वादित लेख!" असं कुणी म्हणालं तर लगेच, "प्रभूची झाली. आता लेखाचं बोला."

आशिष म्हणून एक आयटीतला पोरगा यायचा. त्याच्या साक्षीत त्याची लाइफ टोटली चेंज झाली होती. बाईंनी विचारलं, "म्हणजे काय झालं? सिगरेट सुटली, की आईशी बोलायला लागलात?"

"मॅम, इट्स अ फीलिंग. आणि हे मला स्पिरिटनं दिलंय, सो एडिट नको."

"असं का? मग त्याला पुन्हा एकदा सांगायची विनंती करा. पहिल्या खेपेला आपल्याला नीट ऐकू आलेलं दिसत नाही."

चहाचा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता, हे मान्य करायला हवं. शुभ शुक्रवारासाठी त्यांनी एक मनन लिहिलं. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "बाई, हे शाळेतलं भाषण आहे. यात तुम्ही कुठंच नाही." त्यांचे कान लाल झाले. पण चहा येईपर्यंत गप्प बसल्या. चहा आला, तो प्यायल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे." मग दोन रविवार माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या रविवारी नवीन लेख आणला. त्यात त्यांचा भाऊ होता, आणि त्याला त्यांनी अजून क्षमा केलेली नव्हती, हेही होतं.

आता माझं. मी चौथी पास. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. चौथी पास म्हणून कुणापुढं वाकलो नाही. माझी बायको सुमन गेली, त्यानंतर काही वर्षांनी मी साक्ष लिहिली. सगळे लिहितात तशीच लिहिली. दुखणं आलं, प्रार्थना झाली, ती गेली, मला स्वर्गीय शांती मिळाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, "शांती कधी मिळाली? दवाखान्यात, की कबरस्तानात? आणि अहो, यात सुमनबाई नुसत्या खाटेवर पडून आहेत. एक शब्दही बोलत नाहीत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाच्या लेखातही चुका काढते ही बाई! चहाची वाट न बघता मी उठलो, पायऱ्या उतरलो. त्या मागून बाहेर आल्या. "एकच विचारते. शांती मिळाली होती, तर वर्षभर तुम्ही बायकांच्या बाजूला का बसत होता?"

आमच्या देवळात डावीकडं बायका बसतात, उजवीकडं पुरुष. सुमन गेल्यावर मी वर्षभर तिच्या जागेवर बसलो. लोक हसले, बसू दे म्हणाले. का बसतोस, हे कुणी विचारलं नव्हतं. मी रागानंच ओरडलो, "देवाशी माझं बोलणं बंद होतं म्हणून! तिची जागा रिकामी दिसू नये म्हणून येत होतो. त्याच्यासाठी नाही!"

"हे लिहा," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी लिहिलं. सुमन शेवटच्या दिवशी मला म्हणाली होती, "डबा घासून ठेवा, वास येतो." तेही लिहिलं. बैठकीत तो वाचून झाला. बाईंनी लेख उचलून छापायचा म्हणून पिशवीत ठेवला.

पण आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, तो छापायच्या आधी वाचला. "भाऊ, 'देवाशी वर्षभर बोललो नाही' हे नको. नवीन विश्वासणारे काय म्हणतील? 'मी परीक्षेच्या काळातून गेलो' असं करू."

बाई म्हणाल्या, "परीक्षा दहावीची पोरं देतात. हा माणूस रागावला होता. वाक्य बदलणार असाल तर मासिकावरचं माझं नावही काढा."

त्यांना वाटलं, कुणीतरी 'असं नका करू बाई' म्हणेल. कुणी म्हणालं नाही. पुढच्या अंकावर बाईंचं नाव नव्हतं, आणि माझ्या नावाखाली मी परीक्षेच्या काळातून गेलो होतो. तो अंक मी पाळकसाहेबांच्या टेबलावर आपटून आलो. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली म्हणे.

बाई पुढं मांजरी गावात भाचीकडं राहायला गेल्या. मी बसनं जायचो. शेवटी शेवटी अंथरुणावर होत्या, पण जिभेला धार तशीच. मी म्हणालो, "बाई, माझ्या एका वाक्यापायी तुमचं मासिक गेलं."

"फार मोठे समजता हो स्वतःला. वाक्य तुमचं नव्हतंच. बायको गेलेला कुणीतरी एक माणूस ते वाचून देवळात आला असता. येऊन देवाशी न बोलता बसला असता. त्याचं वाक्य काढून घेतलं त्यांनी. मला त्याचा राग आहे."

त्या रागातच त्या गेल्या. मला तरी दुसरं काही दिसलं नाही. प्रार्थनासभेत सगळे म्हणाले, बाई शांतपणे प्रभूमध्ये निजल्या.

आता मासिक आशिष बघतो. बाईंवर लेख द्या म्हणाला. "पण काका, पॉझिटिव्ह ठेवा. भांडणाचं नको." हा लेख तो घेईल असं मला वाटत नाही, आणि मी त्याची वाट बघणार नाही. आमच्या मंडळीतल्या कात्रजच्या एका गृहस्थाची बायको नुकतीच गेली. ते देवळात येईनासे झालेत. पाळकसाहेबांनी त्यांना माझा तो 'परीक्षेचा काळ' वाचायला पाठवला. म्हणून उद्या सकाळी मीच हा कागद घेऊन जाणार आहे. दार उघडलं तर वाचून दाखवीन. नाही उघडलं तर दाराखालून आत सरकवीन.