गोष्टीला गिटार, गिटारला झांजा

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत आम्ही मराठी माणसं मूठभर, पण गणपतीत आमचा गजर असा की पालमला उतरायला आलेली विमानं बिचकून जयपूरला जात. खोटं वाटतं? वाटू द्या. त्या गजराची मला शिसारी आहे, आणि ती कशी बसली तेच सांगतोय.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि करोल बागेतून आणलेली गिटार वाजवत होतो. वरच्या मजल्यावरचा माझा मित्र गोष्टी लिहायचा. त्याचे बाबा केंद्र सरकारात, म्हणजे पाठीवर बदलीची ऑर्डर घेऊनच जन्मलेले. पोरगा इतक्या गावांतून फिरला होता की ‘मित्र’ हा शब्द त्याला भारतातल्या सगळ्या लिपींत लिहिता यायचा, आणि उपयोग कुठल्याच लिपीत झालेला नव्हता.

त्याने एक गोष्ट लिहिली. नव्या शहरातला एक मुलगा रिकाम्या दुपारी खोलीतल्या कूलरशी बोलत बसतो. कूलरच्या पंख्याचा नट सैल आहे, म्हणून तो मधूनच खडखडतो. मुलाला वाटतं, आपल्याला उत्तर देतोय. बस, एवढंच. वाचून मी गप्प झालो. मला गप्प करणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी करोल बाग रिकामी करण्यासारखं आहे.

“ही बाबांना ऐकवायचीय, यार,” तो म्हणाला.

“मग ऐकव की घरी. त्यात काय?”

“घरी ते पेपरच्या मागे असतात. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसतात, तिथून उठता येत नाही.”

एवढा साधा डाव. तो वाचणार, मी मागे हलक्या बोटांनी तारा छेडणार, शब्दाच्या पुढे न जाता. सराव त्याच्याच खोलीत. गिटार ऐकू यावी म्हणून कूलर बंद, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. सप्टेंबरातली ती चिकट दुपार! आम्ही दोघं इतके वितळलो की खालच्या मजल्यावरच्या मद्रासी मावशी गळती बघायला वर आल्या, अशी माझी तरी आठवण आहे.

मंडळाचे चिटणीस काका हातात बटाटेवडा घेऊनच परवानगी द्यायला बसले. “गणपतीत रडकी गोष्ट नको हं. काहीतरी खुसखुशीत असू दे.”

“बिल्कुल खुसखुशीत आहे, काका. कूलरवर आहे,” मी थाप मारली.

“अच्छा, कूलर! चलो, दहा मिनिटं घ्या,” म्हणत त्यांनी तीच तेलकट बोटं माझ्या तारांवरून फिरवून पाहिली. त्या गिटारला वड्याचा वास लागला तो कायमचा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मित्राने वाचायला सुरुवात केली. मी एकेक तार हळू सोडत होतो. मंडप खरंच शांत झाला. पहिल्या रांगेत त्याचे बाबा मान वाकडी करून ऐकत होते. गोष्टीतला मुलगा कूलरला पहिला प्रश्न विचारतो, तिथवर पोचलो आणि मागून टाळी ऐकू आली. थप्. थप्. कुणी काकू माझ्या तालावर टाळ्या धरत होत्या.

आता, गणपतीपुढे बसलेल्या मराठी माणसाच्या कानावर ताल पडला की हात आपोआप आरती सुरू करतात. डोकं विचारायला जात नाही. दुसरी टाळी, दहावी, अख्खा मंडप! मी लय कमी केली, त्यांनीही केली. मी थांबलो, तर त्यांना माझी गरजच उरली नव्हती. मग मखराखालून झांजा निघाल्या. हातोहात पुढे आल्या, आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे झांजांचा मान ज्यांचा, त्यांच्या हाती पडल्या. मित्राच्या बाबांच्या.

आणि त्यांनी त्या बडवल्या! डोळे मिटून, तल्लीन होऊन, घामाचे थेंब शेजारच्यांवर उडवत. स्टेजवर पोरगा वाचतोच आहे, ओठ हलताहेत, शब्द एक ऐकू येत नाही. कार्यक्रमाआधीच्या वड्यांच्या तेलाने माखलेल्या बोटांचे ते सगळे पंजे एकमेकांवर आपटताना पाहून मी गिटार उचलून मागे सरकलो. शेवटी “मोरया!” झालं आणि लोक प्रसादावर तुटून पडले.

“वा! काय रंगलं रे!” बाबा स्टेजजवळ आले.

मित्राने कागदाची गुंडाळी केली. “बाबा, ऐकलंत?”

“ऐकलं तर! कूलर खडखडतो ना? मग आधी नाही का सांगायचं, वेड्या?”

मला वाटलं, थट्टा आहे. पण रविवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. कूलर उघडा, काका, म्हणजे मित्राचे बाबा, बनियनवर, हात काळे. “ये, ये. ऐक. येतो आवाज?”

कूलर नुसता वारा सोडत होता. चकार शब्द नाही. मित्र पलंगावर बसून त्याच्याकडे बघत होता, एखाद्याची बदली झाल्यासारखा.

काका हात धुवायला मोरीकडे गेले. मित्र उठला, पाना घेतला, कूलर बंद करून नट ढिला केला, परत सुरू केला. खडखड! मित्र हसला.

“अरे, पुन्हा?” काका ओल्या हातांनी धावत आले.

“राहू द्या, बाबा. मला तो तसाच हवाय.”

ही त्याची गोष्ट, झांजांशिवाय, एका वाक्यात. काका बनियनला हात पुसत त्याच्याकडे वळले. आता कळणार, आत्ता कळणार, असं मला वाटत होतं.

“तसाच कसा? झोप नाही लागायची तुला,” ते म्हणाले, आणि त्याच्या हातातला पाना घेऊन त्यांनी तो नट असा काही आवळला की तो काढायला पुढे लष्कर बोलावलं असतं तरी निघाला नसता.

मग समाधानाने माझ्याकडे वळले. “तू गिटार छान वाजवतोस हो. पुढच्या वर्षी जरा जोरात वाजव.”