आबा गाडीबाहेर होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तिला, मीनलला, न सांगितलेल्या माझ्या गोष्टी फार थोड्या, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. हे मात्र राहिलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही.

जॅकेटपासून सुरुवात करतो. तिथं निदान हसता तरी येतं. सहा वर्षांपूर्वी सासरे, म्हणजे मीनलचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, दोन महिन्यांसाठी इथं आखातात, अल बर्शाला, आमच्या घरी राहायला आले होते. तितरांच्या शिकारीला जायचं ठरलं. शिकार म्हणजे कॅमेऱ्यानं. इथं पाखराला हात लावायचीही बंदी. तर मी त्यासाठी मॉलमधून एक जॅकेट आणलं. पानापानांचं, हिरवंगार, सैनिक घालतात तसं. झाडं नसलेल्या डोंगरात मी झाडासारखा दिसायला निघालो होतो. मीनल म्हणाली, लांबून तुम्ही रस्त्याकडेच्या कुंपणासारखे दिसताय, म्युनिसिपालिटीवाला पाणी घालून जाईल. आबा हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऊब असली म्हणजे झालं." माझी फजिती झाली की ते असे खिडकीबाहेर बघायचे.

आबा सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलात पी.टी.चे सर होते. सासूबाई गेल्यावर पाटणच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं सिमेंटचं घर बांधून एकटेच राहायचे. रोज उजाडायच्या आत डोंगरावर. तरुणपणी, बंदी यायच्या आधी, त्यांनी शिकार केली होती. नंतर बंदूक जमा केली आणि आवाज तेवढा ठेवला. तोंडाशी ओंजळ धरून ते तितराचा आवाज असा काढत, की पलीकडच्या झुडपातला नर भांडायला धावत यायचा. आमच्या बिल्डिंगमागच्या बागेतले तितर त्यांनी पहिल्याच आठवड्यात हैराण करून सोडले होते.

एका शनिवारी पहाटे आम्ही दोघं खोर फक्कानच्या वाटेवरच्या एका वाडीत उतरलो. वाडी म्हणजे आपली वस्ती नव्हे. डोंगरामधलं कोरडं, दगडगोट्यांचं नदीपात्र. गाडी पात्रात उभी केली आणि बरंच आत चालत जाऊन एका काटेरी बाभळीआड बसलो. आबांचा गुडघा दुखायचा, तेव्हा दगडांवरून त्यांना जपून न्यायचं काम माझं होतं. जाताना मी ते नीट केलं, हे सांगून ठेवतो.

आबांनी आवाज दिला. उतारावरून उत्तर आलं. पुन्हा दिला, पुन्हा आलं, जरा जवळून. मग एकदम गप्प. मी हळूच विचारलं, काय झालं? ते म्हणाले, आपण पाखराला बोलावतो खरं, पण ज्याला पाखरू खायचंय तोही ते ऐकतच असतो. त्यांच्या आवाजावर एकदा लांडगा आला होता, एकदा बिबट्या. हे ते बसस्टॉपवर कोण भेटलं ते सांगावं, तसं सांगत होते. आणि मग समोरच्या दगडावर तो आला. लहानसा, अंगापेक्षा कानच मोठे. मी कुजबुजलो, "कोल्हा!" "खोकड," आबा म्हणाले. खोकड आमच्याकडं बघत राहिलं. तितर कुठंय आणि ही दोन माणसं कोण, असा सरळ प्रश्न त्याच्या तोंडावर होता. मी धडाधड फोटो काढले. लेन्सचं झाकण लावलेलंच होतं, हे नंतर कळलं.

काय सकाळ होती ती. तिथंच संपली असती तर?

खोकडाचे कान वळले, आणि ते होतं तिथून नाहीसं झालं. वरच्या बाजूला खजुराच्या बागा होत्या, तिकडून कुत्री येत होती. मोकाट, बरगड्या दिसणारी, पण अंगानं मोठी. सहा असतील, सात असतील. भुंकत नव्हती. भुंकली असती तर बरं वाटलं असतं. आबा माझ्या दंडाला धरून अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, पळू नका. तोंड तिकडंच ठेवा आणि मागं मागं चला."

मी पळालो.

पळालो म्हणजे कसा — त्यांचा हात झटकून पळालो. गोट्यांवरून कसा गेलो, ठाऊक नाही. एरवी मी एस्कलेटरवरही कठड्याला धरून उभा राहतो. गाडीत शिरलो, दार ओढलं आणि लॉकचं बटण दाबलं. चारही दारं एकदम बंद होतात, तो खट् आवाज तुम्हाला माहीत असेल. कुत्र्यांना दारं उघडता येत नाहीत. मग लॉक कुणासाठी केलं?

आबा येत होते. पळत नव्हते, पळूच शकत नव्हते. तोंड कुत्र्यांकडं, पाऊल मागं, गुडघा ओढत. गाडीपाशी पोचले, मागं न बघता हात मागं करून हँडल ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग वळून त्यांनी काचेतून आत पाहिलं.

माझं बोट बटणाच्या जवळ होतं. दाबायचं तेवढंच होतं. पण दार उघडलं तर त्यांच्यामागोमाग ती आत येतील, असं मला वाटलं. वाटलं असं तरी कसं म्हणू? वाटायला डोकं लागतं. मी नुसता बसून राहिलो. शेवटी नजर काढून घेतली आणि स्टिअरिंगकडं बघत राहिलो.

मग आबांनी गाडीला पाठ टेकली. काच त्यांच्या स्वेटरनं भरून गेली, त्यापलीकडं मला काही दिसेना. त्यांचा आवाज तेवढा येत होता — ओरडणं नाही, मैदानावर उशिरा आलेल्या पोरांना दटावावं तसा. दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. हे किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. शेवटी काचेवर टकटक झाली. बोटाच्या पेरानं, हलकी. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण करतो तशी.

मी उघडलं. आबा आत बसले, पट्टा लावला आणि विचारलं, "पाणी आहे का?"

खोर फक्कानला एका मलबारी कॅफेटेरियाबाहेर आम्ही गाडीतच कडक चहा घेतला. मी वाट बघत होतो. त्यांनी शिवी दिली असती, निदान विचारलं असतं. ते खोकडाबद्दलच बोलत राहिले. चहा संपल्यावर म्हणाले, "घरी खोकडाचं तेवढं सांगू. पोरांना गंमत वाटेल." बघा, केवढी मोठी वाट मोकळी करून दिली होती मला. मला फक्त गप्प बसायचं होतं.

आणि तेच मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझं. मीनलनं दार उघडलं, मुलं धावत आली, रोहननं विचारलं, "डिड यू सी एनीथिंग?" — आणि मी खोकडापासून सुरुवात केली, कुत्र्यांपर्यंत आलो, आता पुढं काय सांगणार? माझ्याच तोंडून आलं, "आणि मग आबा जे पळत सुटले!" मुलं खदखदून हसली. समोरचे हसले की मला थांबता येत नाही. आबा गाडीत शिरले, मी बाहेर राहिलो, मी दगड आपटले, मी कुत्र्यांना मराठीतून दटावलं. सगळं जसंच्या तसं, फक्त दोन माणसांच्या जागा बदललेल्या. आबा सोफ्यावर बसून बूट काढत होते. त्यांनी एकदा मान वर केली. मग तेही हसले.

त्या महिन्यात ती गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली! इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, अबुधाबीच्या मित्रांकडं जेवायला गेलो तिथं. आबांचा गुडघा ओढत पळणं मी करूनही दाखवायचो. जावयाला लोकांत खाली बघायला लागू नये, हे त्यांच्या पिढीच्या हाडात होतं, आणि मी त्याच्यावर उभा राहून नकला करत होतो. हातात ताट घेऊन ते तिथंच बसलेले असायचे. रोहन येताजाता म्हणायचा, "आजोबा, डॉग! रन!" आजोबा घाबरल्याचं नाटक करायचे.

इथवर असतं तर याला खोडी म्हणून सोडलं असतं मी. पण गोष्ट पुण्याला मीनलच्या भावापर्यंत, राजूपर्यंत पोचली. आबांनी पाटणचं घर सोडून आपल्याकडं यावं म्हणून तो किती वर्षं मागं लागला होता, आणि आबा ऐकत नव्हते. आता त्याला कारण मिळालं. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. राजू म्हणाला, आबा कुत्र्यांना घाबरून पळायला लागले, मग त्या डोंगराखाली एकटं कसं ठेवायचं? मीनलचे डोळे भरले. आबा म्हणाले, "मला काही झालेलं नाही." मग राजूनं मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही होता ना तिथं. तुम्हीच सांगा."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. काचेतून पाहिलं होतं तसंच. रागानं नाही, हँडल ओढून बघावं तसं.

एक वाक्य पुरलं असतं. मीनलच्या आणि तिच्या भावाच्या देखत, एकच. मी म्हणालो, "वय झालंय आता आबांचं."

त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं."

पाटणचं घर बंद झालं. आबा पुण्यात राजूच्या चौथ्या मजल्यावर राहिले. राजूनं त्यांचं सगळं नीट केलं, त्यात उणं काढायला जागा नाही. आबा लिफ्टनं खाली जाऊन सोसायटीला फेऱ्या मारायचे. एकदा फोनवर त्यांनी विचारलं, तुमच्या बागेतले तितर अजून बोलतात का? मी हो म्हणालो. "चांगलं आहे," म्हणाले. मग मीनलला फोन द्यायला सांगितला. ते गेले त्याला दीड वर्ष झालं. तिथंच, झोपेत. तोवरही मी त्यांना काही म्हणालो नाही. म्हणायला रोज फोन होता.

मीनल हे वाचेल. कुणी ना कुणी तिला दाखवेलच. तेव्हा हेही लिहितो.

आबांना विमानतळावर सोडून आम्ही त्याच गाडीतून घरी येत होतो, त्या दिवशीचं हे. आबा बसले होते त्या सीटवर मीनल होती. बराच वेळ ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "राजूनं एवढी वर्षं विनवण्या केल्या. माझं रडून झालं. आबा कुणाचं ऐकत नव्हते. तुम्ही एक शब्द बोललात आणि लगेच बरं म्हणाले. माझ्या बापानं एवढा मान दुसऱ्या कुणाचा ठेवलेला मी पाहिला नाही हो."