काका नव्हे, मामा

लातूरला म्हाताऱ्यांची दहा किलोमीटरची दौड होती, त्यात मी नाव दिलं. सून म्हणाली, "मामा, सराव न्हाई तुमचा. चालत चालत जावा." मी म्हणालो, "तू नको शिकवू. रेणापूरहून पायी बाजाराला येणारा गडी हाय मी."

सून मालिशचं रीतसर शिकलेली आहे. पळणाऱ्यांचे, खेळणाऱ्यांचे आखडलेले पाय मोकळे करायचं तिचं काम. पण आपल्या सुनेनं परक्या गड्यांचे पाय धरावेत, हे काही माझ्या गळी उतरत नव्हतं. म्हणून मी पाव्हण्यारावळ्यांत सांगून ठेवलं होतं, सून दवाखान्यात हापिसात बसते. चाकूरच्या माझ्या दोस्तालाही तेच. त्यानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

तो दोस्तही पळायला आला होता. मालिशच्या मांडवात सून असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तिकडं फिरकायचंच नाही असं ठरवलेलं. पण दौड संपली अन् पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्यातच बसलो. दोघांनी उचलून मांडवात नेलं, चटईवर पालथं टाकलं.

दोस्त माझ्या आधीच पोचून शेजारी लिंबूपाणी पीत होता. "काय पहिलवान, जिरली का रग?"

सून आली. तिनं माझ्याकडं बघितलं, दोस्ताकडं बघितलं. फोनवरचं माझं ते हापिसाचं बोलणं तिच्या कानावर कधीतरी गेलंच असणार. म्हणाली, "काका, पाय ढिला सोडा."

काका! लग्न होऊन आली तेव्हापासून मामाशिवाय हाक नाही तिची. माझी खोटी इज्जत राखायला ती परकी झाली.

तिनं टाच धरून पंजा हळूहळू वाकवला. गोळा सुटला. मग तेलाचा हलका हात घोट्यापासून वर नेऊ लागली.

"जोर लाव की," मी म्हणालो.

"आत्ता रगडलं तर उद्या पाय टेकवता येणार न्हाई, काका."

दोस्त म्हणाला, "कोणाच्या घरची वो ही पोरगी? लई गुण हाय हाताला. नशीब काढलं त्या घरानं."

तिचा हात पोटरीवर थांबला. नुसता थांबला. मला घाम फुटला, तो काही पळाल्याचा नव्हता.

"काका काका काय लावलंस?" मी म्हणालो. "मामा म्हण."

"आँ? ही तुमची सून? ती तर हापिसात..."

"हापिसात न्हाई. हेच करती ती."

दोस्तानं लिंबूपाण्याचा पेला खाली ठेवला. सुनेचा हात पुन्हा चालू लागला. जरा वेळानं म्हणाली, "दुसरा पाय द्या, मामा."

दिला. बोललो खरं, पण तोंड चटईत खुपसून बोललो. मान वर करून तिच्याकडं बघायचं काही धाडस झालं नाही.